दीड इंची

गंज दिसला पाहिजे, म्हणाली मृण्मयी.
मी पुन्हा विचारलं, दिसला पाहिजे?
हो काका. लुकच तसा हवाय.

एकतीस वर्षं मी बर्फाच्या फॅक्टरीत
वेंगुर्ल्याच्या बंदरावर
तारेच्या ब्रशनं गंजच खरवडत होतो.
नाकात तो, नखांत तो.
बायको म्हणायची, तुमच्या गंजीफ्राकाक
लोखंडाचो वास येता.
आता त्याच पायपांना सांगायचं,
आहात तसे राहा.

भंगारवाल्यानं आधी कॉइल नेली,
मग मोटर, मग दारं.
पाण्याची लाइन तेवढी राहिली भिंतीला धरून,
दीड इंची.
मीच टाकलेली, मीच सोडवली.
पहिला सॉकेट हलेना.
रॉकेल घातलं, रात्रभर ठेवला,
सकाळी पान्ह्यावर सगळं अंग टाकलं
तेव्हा कुरकुरला.
आट्यांतून माझाच ताग निघाला, माझाच सफेदा,
अजून चिकट.

दुकानाची भिंत जांभ्याची.
ड्रिल टेकवलं की लाल भुकटी,
आणि भोक पळतं वाट्टेल तिकडे.
प्लास्टिकची गिट्टी इथे तीन दिवस टिकेल.
म्हणून फणसाच्या खुंट्या तासल्या,
जून लाकूड, हळदीसारखं,
भोकात ठोकल्या, त्यात स्क्रू पिळले.
फ्लँज बसला.
मी दोन्ही हातांनी लटकून बघितलं.
मृण्मयीनं डोळे मिटून घेतले.

फळ्या इनासच्या.
होडी दोन पावसाळे उपडी होती माडाखाली,
मुलगा कतारला,
वाळवी एका अंगानं आत शिरलेली.
उरलेल्या अंगातून चार फळ्या निघाल्या
साडेचार फुटी,
उंडीचं तेल इतकं प्यायलेल्या
की रंधा नुसता घसरायचा.
तांब्याच्या चुका होत्या तिथे हिरवे डाग.
पैसे किती, विचारलं.
बघूया, म्हणाला, आणि आत गेला.

एका फळीवर नंबर होता पांढऱ्या रंगात, अर्धाच.
चार, शून्य, पुढे करवत.
हा घासून काढा, ती म्हणाली.
मग म्हणाली, नको, छान आहे, दिसू दे.
मी फळी उलटी बसवली.
गंज माझा होता,
तो मांडायला माझी हरकत नव्हती.
नंबर इनासचा.

दुकान उघडलं त्या दिवशी तो आला
इस्त्रीच्या शर्टात.
कॉफीत चार चमचे साखर घातलीन,
तरी कडूच म्हणाला.
पुस्तकांकडे बघितलंन नाही.
खालच्या फळीखाली हात घातला,
अंधारात काडेपेटी शोधावी तशी
बोटं पुढे, मागे,
मग थांबली.
बराच वेळ.
मृण्मयीनं मला खुणेनं विचारलं, काय झालं?
मी खांदे उडवले.

फळी वायच कलल्यासारखी दिसता, म्हणाला.
मी लेव्हल लावून दाखवली,
बुडबुडा बरोब्बर मधोमध.
तुझी लेव्हल जमिनीची, म्हणाला,
आणि बशीतली कॉफी संपवलीन.

पायपांना लाखेचे दोन हात दिलेत,
गंज आहे तिथेच थांबावा म्हणून.
थांबणार नाही.
खारा वारा आतून खातो,
हे मी तिला सांगितलेलं नाही.
आणखी एक काम राहिलंय.
वरच्या पायपाच्या समुद्राकडल्या टोकाला बूच नाही.
रात्री वारा फिरला की शेल्फ वाजतं.
तिचा दोनदा फोन आला.
मी सांगितलं, बूच जुन्या आट्याचं लागतं,
सावंतवाडीला कळवलंय,
येईल आठवड्याभरात.

कळवलेलं नाही.
बूच माझ्या खिशात आहे.
संध्याकाळी मी आणि इनास
जेटीवर बसतो,
वारा कधी फिरतो बघत.