कोरा फिल्टर

फेअरबँक्स, जानेवारी. बाहेर उणे अडतीस.
आत, तोलायच्या खोलीत, वर्षभर एकच ऋतू:
एकवीस अंश, आर्द्रता पस्तीस टक्के.
इथे जे तोलायचं ते इतकं हलकं
की जरा ओल धरली तरी खोटं बोलतं.

चिमट्याने उचलते एकेक चकती,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी,
पोलोनियमच्या पट्टीवरून फिरवते
अंगातली वीज उतरावी म्हणून,
काट्यावर ठेवते, काचेचं दार लोटते
आणि श्वास धरते.
धरायची गरज नसते. दार बंद असतं.
सवय अमळनेरची. भाऊ सोनं तोलत असले
की पेढीवर आम्हाला शिंकायचीही चोरी.

चोवीस तासांची हवा, चोवीस घनमीटर,
या चकतीतून ओढून घेतलेली.
नंतरच्या वजनातून आधीचं वजा:
अकराशे चार मायक्रोग्रॅम.
गुंजेचा शंभरावा हिस्साही नाही,
रंग मात्र चहाच्या जुन्या गाळणीचा.
एवढ्याशा बळावर शहराला सांगायचं
आज लाकूड जाळू नका.

पेढीचा केर आम्ही फेकत नसू.
दिवाळीआधी झारेकरी यायचे,
उंबऱ्यातली, चटईखालची, भट्टीजवळची माती
घासाघीस करून विकत न्यायचे
आणि बोरी नदीत दिवसभर धूत बसायचे.
आमच्यापैकी कुणाच्या हातून किती सांडतं
हे घरच्यांआधी त्यांना कळायचं.

मी तेच काम करते. सोनं तेवढं नाही.
केर वेगवेगळा काढते: गंधक, पोटॅशियम, थोडं जस्त,
काजळी, नायट्रेट,
आणि एक साखर.
लेव्होग्लुकोसान. नाव घेताना जीभ अडखळते.
लाकूड जळलं की ती मागे राहते.
ती सापडली की समजायचं,
ही गाडी नव्हे, वीजघर नव्हे,
कुणीतरी घर ऊबदार ठेवतंय.

शेजारी व्हर्ना हॉगलंड. वय एक्याऐंशी.
बर्चच्या फोडी स्वतः रचते, सालीची बाजू वर.
तेलाचं बिल तिला झेपत नाही.
तिच्या धुराड्यातला धूर
छपरावर दोन हात चढतो
आणि झाकणाला डोकं आपटल्यासारखा आडवा होतो.
वरची हवा ऊबदार, खालची गार,
सगळं गाव एका पातेल्यात.

बंदीच्या दिवशीही ती जाळते. मला ठाऊक आहे.
तिच्याच शेगडीपाशी मी मोजे वाळवते,
चहा पिते, तिचा पातळ, दुधाशिवायचा.
"त्यातलं माझं किती?" तिने एकदा विचारलं.
मी खरंच हिशेब करायला लागले,
मग म्हटलं, साखरेवर नाव नसतं.
"मग बरं," ती म्हणाली. हसली नाही.

मंगळवारी कोरा फिल्टर नापास झाला.
कोरा म्हणजे जो नुसता प्रवास करतो:
पेटीतून जातो, यंत्रात बसतो,
हवेचा घोटही न घेता परत येतो
जसा गेला तसा.
बाकीच्यांचा साक्षीदार.
त्याचं वजन वाढलं होतं. एकेचाळीस.
पुन्हा तोललं. एकेचाळीस.
चिमटा पुसला, काटा तपासला,
कपाटाची रबरी कड बोटाने चाचपली,
मग उगाच
स्वेटरची बाही नाकाशी नेली.

बर्च.

नोंदवहीत कारणासाठी रकाना असतो, बोटभर रुंद.
'हाताळणीत दूषित' लिहिलं, खाली सही.
आठवड्याचे सगळे आकडे संशयित.

संध्याकाळी स्वेटर धुऊन दोरीवर टाकला.
क्षणात ताठ झाला, बाह्या पसरून.
पलीकडे व्हर्ना लाकडं आत नेत होती,
दोन-दोन फोडी,
दर फेरीला दाराशी थांबून खोकत.
मी नुसताच कोट चढवला
आणि उरलेली रास तिच्या शेगडीपाशी नेऊन टाकली.