राजाचा निरोप

वार्दो बेटावर झाड म्हणून नाही.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारीत उगवतो.
मासळीच्या कारखान्यातून ऑडनी घरी येते,
हात धुते (कॉडचा वास अर्धाच जातो)
आणि घोड्यावर बसते.

राजाचा निरोप तीन आठवडे पडून आहे:
ड्रॅगन आलाय, नीघ.
ती निघते, पण उलट्या दिशेला.
मिठाचं वाळवंट, मग लालभडक दरी;
दलदलीत घोडा रुतला, त्यात एक मंगळवार गेला.

परवा नकाशाच संपला.
पुढे डोंगर दिसतो, पण हवा जाऊ देत नाही.
तिथं कुणीतरी लावून ठेवलेलं
एक वाकडं झाड.
फळ नाही, खजिना नाही.

लगाम सोडून ती खाली बसली.
पानं हलत होती.
खिडकीबाहेरही वारा होता,
त्याला हलवायला काही नव्हतं.