केसभर पुढे, केसभर मागे

दिवसाला नऊ वेळा मरतो खमीस.
दहाव्यांदा मी बटण दाबतो
आणि तो उठतो. म्हणजे उठत नाही,
छाती तेवढी वरखाली होते,
रबराची छाती, परदेशातून आलेली.
नाव मुलींनी ठेवलं,
गुरुवारी खोक्यातून निघाला म्हणून.

सोहारच्या या मेडिकल कॉलेजात
माझ्या दारावर लिहिलंय 'सिम्युलेशन तंत्रज्ञ'.
आईला फोनवर सांगितलं, बाहुल्या दुरुस्त करतो.
ती म्हणाली, बरंय,
भोपळ्यांना पगार नव्हता.

बाबा मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढायचे.
घोडीवर, तारेखाली सुताचा धागा,
केसभर पुढे, केसभर मागे,
आणि मुकी तार एकदम घुमायला लागायची.
त्या धाग्याला आमच्यात 'जीव' म्हणतात.
मला तो सरकवता आला नाही कधी.
कान तेवढा आला वाट्याला.

त्याच कानानं रय्याचं म्हणणं पटलं.
रय्या बिन्त जुमा, चौथं वर्ष,
चपलेत कायम किनाऱ्याची वाळू.
म्हणाली, खमीसची गळकी झडप फार स्वच्छ वाजते,
जणू आजारी माणूस कधी
गजबजलेल्या खोलीत झोपतच नाही.
आमच्या सहमला आजोबांच्या छातीत
ठोक्यामागे खोकला असतो,
जाळं ओढून आल्याची धाप,
दारात भांडणारी नातवंडं.
डोंगरातली नर्स हेच ऐकणार ना?

मग तिनं मायक्रोफोन बसवला
ओमानी हलव्याच्या डब्याच्या झाकणात.
पहिल्या दहा जणांच्या छातीला केशराचा वास.
अकराव्याला शॉक बसला, थोडासाच.
तेराव्या झाकणाला पैसे मिळाले.

पैसे हमूद बिन सैफ यांचे.
सुक्या काळ्या लिंबांचा व्यापार, तीन गोदामं,
त्यांचं भाडं आता वक्फमध्ये:
मुलींची फी, वसतिगृह, आणि उरेल ते
'जे फसेल त्याच्यासाठी'.
हिशेबनीसानं विचारलं, चूक झालीये का लिहिण्यात?
त्यांनी तेच पुन्हा लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

मार्चात स्वतः आले, काठी टेकत,
बोटांना लिंबाचा जुना धुरकट वास.
भिंतीवर नाव नको म्हणाले, भिंत चांगली आहे.
मला विचारलं, कुठला तू?
मिरज, म्हटलं.
काठी थांबली.
'मिराज. गेलोय मी. दहा वर्षांचा होतो.
मस्कतहून आगबोट, मग रेल्वे. आई आजारी.'

वाटलं, आता म्हणतील
की दवाखान्यामागच्या बोळात
कुणीतरी तार लावत होतं.
लाज वाटते सांगायला, पण वाट पाहिली मी.

तारा त्यांना आठवत नव्हत्या.
आठवत होता दुभाषा,
त्याचा चुरगळलेला कोट, घड्याळाकडे बघणं.
आई पाच मिनिटं बोलायची,
तो डॉक्टरांना चार शब्द सांगायचा.
डॉक्टर भला माणूस होता.
त्यानं चार शब्दांवर जमेल तेवढा इलाज केला.
परतीच्या वाटेवर, तिसऱ्या रात्री,
तिला समुद्रात सोडली.

हे सगळं सहज सांगितलं त्यांनी,
लिंबाचा भाव सांगावा तसं.

खमीसमध्ये त्या सकाळी नवा आवाज भरला होता,
रय्याच्या आजोबांचा, नातवंडांसकट.
मी खटका फिरवला, केसभर पुढे,
नाही, केसभर मागे,
आणि रबर बोलायला लागलं.
हमूद वाकून ऐकत राहिले.
रय्यानं सवयीनं, परीक्षेत विचारतात तसं,
खमीसच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं,
'वेन यऔरिक?'
कुठं दुखतंय?

उत्तर म्हाताऱ्यानं दिलं.
आईच्या पोटाबद्दल, बरगडीखालच्या कळेबद्दल,
रात्री ती काय म्हणायची त्याबद्दल.
पाच मिनिटं झाली असतील, कदाचित सहा.
कुणी घड्याळ पाहिलं नाही.
रय्या लिहून घेत होती.