शेवटची ट्रेन सात दहाची

मार्चमध्ये रागन्हिल्डने गाडी विकली.
डोळ्यांच्या डॉक्टरने लायसन्सवर आधीच फुली मारली होती.
"पार्किंगची कटकट गेली," म्हणाली,
किल्लीचा खिळा तेवढा भिंतीत राहू दिला.

आता माझ्या टेबलावर वेळापत्रक.
मी वाचते, ती पाकिटाच्या पाठीवर लिहिते
मोठ्या, काळ्या, बोटाएवढ्या अक्षरांत:
ऑलबोर्गहून सात चाळीस.
सान्डहोल्मला बदल. सहा मिनिटं.
सहाच?
अंडी उकडायचं घड्याळ लावून
पिशवीसकट जिना उतरून चढून आली.
"चार. एक धापेला, एक चुकायला."

स्टेशनपासून दीपगृह तासभर, वाळूतून.
राय ब्रेडवर हेरिंग, थर्मास, मोज्यांचा एक जादा जोड.
जून जवळजवळ ठरलाच होता.

मग तिने पेन ठेवलं.
"चाळीस उन्हाळे गेलो आम्ही, गाडीने.
एस्किलला अंधारात गाडी हाकायला नको वाटे,
चार वाजले की निघा, निघा.
दिवा लागलेला मी पाहिलाच नाही गं."

जूनमध्ये अंधार पडायला दहा वाजून जातात.
शेवटची ट्रेन सात दहाची.
मी कॅलेंडर उलटत गेले: जुलै, ऑगस्ट...
ऑक्टोबर संपताना घड्याळं मागे सरकतात,
पाचला काळोख.
"पण गारठा, वारा," मी म्हटलं, "आणि दिसणार काय?"

"ते मला जूनमध्ये तरी कुठे दिसणारे?
दिवा दिसेल."

जून खोडला तिने,
आणि मोज्यांच्या एकाचे दोन केले.