बासष्ट सेंटिमीटर

बंकखाली, ट्रंक आणि दिलशादच्या तांदळाच्या पोत्यामध्ये
बासष्ट सेंटिमीटर जागा आहे.
टेपने मोजली, दोनदा.
दुसऱ्यांदा दिलशादने टॉर्च धरला
आणि विचारलं, कोण झोपणार आहे तिथे?

मुहर्रकच्या गल्लीत शाजहानचं दुकान.
पुढे मोबाइलची कव्हरं, मागे होड्या.
लहान होडी अडतीस सेंटिमीटर, अठरा दिनार.
मोठी ब्याण्णव, आणि तिची किंमत
शाजहान तोंडाने सांगत नाही,
कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून माझ्याकडे वळवतो,
डॉक्टर एक्स-रे वळवतो तसा.

लहान घे, म्हणतो, बॅगेत बसेल.
मोठी घे, तोच म्हणतो, लाटेत टिकेल.
दोन्ही खरं. चावक्काडचा माणूस,
समुद्राबद्दल खोटं बोलायचं असेल
तर तो बॅटरीबद्दल बोलतो.

लहान होडी चालवून पाहिली आहे मी,
हिद्दच्या बांधाच्या आत, शुक्रवारी, भरती थांबलेली असताना.
पाणी ताटासारखं सपाट असेल तर काय पळते!
चिडलेल्या गांधीलमाशीसारखी.
पण शमाल नुसता खाकरला तरी उलटते,
पोट वर करून पंखा हवेत फिरवत राहते
आणि काठावरची पोरं हसतात,
कुठल्याही भाषेत हसतात तशीच.

मोठीचं तसं नाही.
ती लाटेला खांदा देते आणि पुढे जाते.
मोटर थंड करायला आत घेतलेलं पाणी
कुशीच्या भोकातून बारीक धारेने मुतत जाते;
धार दिसतेय तोवर सगळं ठीक.
घरी आणल्यावर मात्र गोड्या पाण्याने अंघोळ,
दांड्याला तेल, सांध्यांना ग्रीस,
बाळंतघरातल्यासारखं सगळं.
आणि आमच्या खोलीत नळाला पाणी
रात्री नऊपर्यंत, सहा जणांत.

तसं मोठ्याचं मला कौतुक नाही.
सुक्या गोदीत मी तीनशे मीटरच्या टँकरखाली उभा असतो.
तिचा पंखा आमच्या गावच्या शाळेहून उंच.
चार वर्षं त्यांच्या पोटात वायरी ओढतोय,
आजवर एकही चालताना पाहिलेली नाही.
आमच्याकडे येते तेव्हा बंद असते,
सुरू होते तेव्हा गेलेली असते,
आणि मी पुढच्या टँकरखाली.

म्हणून एक हवी आहे,
माझ्या अंगठ्याने निघणारी
आणि माझ्याच अंगठ्याने परत येणारी.

हे शाल्मलीला सांगितलेलं नाही.
फोनवर अजून तिच्यासाठीच घेतोय.
तिने सगळं ऐकून घेतलं, लांबी, वेग, व्होल्ट,
कापडाच्या दुकानातल्या बाईसारखं हं हं करत,
आणि मग विचारलं,
बाबा, मधेच बंद पडली तर?

लहान असेल तर, म्हटलं,
गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधायचा,
तिच्या पलीकडे फेकायचा, ओढून घ्यायची.
आणि मोठी?
मोठीसाठी पाण्यात उतरावं लागतं.

थोडा वेळ फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, तुला पोहता येतं?
येतं, म्हटलं.
गोदीत चार वर्षं,
आणि माझ्या पायाखाली सगळं कोरडं.

या शुक्रवारी पुन्हा गेलो होतो.
शाजहानने दोन्ही खाली काढून ठेवल्या,
मी दोन्हींवर हात ठेवला.
चेंडू आहे का, विचारलं.
त्याने शेजारच्या न्हाव्याकडून आणून दिला एक,
हिरवा, केस गेलेला. पैसे घेतले नाहीत.

आता बासष्ट सेंटिमीटरमध्ये चेंडू आहे.
रात्री कुणी ट्रंक ओढली की
गडगडत दारापर्यंत जातो,
आणि दिलशाद, शिव्या देत,
झोपेतच त्याला पायाने परत आणतो.