क्वचित

मावशीचा आवाज रात्री साडेदहाला येतो,
अपात्सिंगानहून थेट याकिमात,
तीन मिनिटं चाळीस सेकंद.
आधी देवाचं नाव, मग खोकला,
मागे वेळकाळ न कळणारा एक कोंबडा,
आणि मग: एदुविखेस, ती सुई टोचून घेऊ नकोस.
रक्त आटतं म्हणे. कुणाच्या तरी मेहुणीने डोळ्यांनी पाहिलंय.
मीठ लावलेला कांदा उशाशी ठेव
आणि जिथे तुझा जीव गुंतलाय अशा सात घरी हे धाड.

आई सात घरं बोटांवर मोजते.
बोटांना सफरचंदांच्या मेणाचा वास,
पॅकिंग शेडमधली बावीस वर्षं.
सातवं घर माझं.

मी याच गावात लस देते.
गळ्यात ओळखपत्र, त्यावर युरिदिया,
खाली दोन भाषांत: विचारा, मी सांगेन.
आई विचारत नाही.
मी आकडे सांगते, ती घेवडा ढवळते.
मावशी काय डॉक्टर आहे का, मी म्हणते.
ती म्हणते, मावशीने मला कधी चुकीचं सांगितलं नाही.

'मावशीने' वर किंचित जोर.

मी नऊ वर्षांची होते.
आईचं पोट दुखत होतं आणि दुभाषी म्हणून मी,
पायांत दोन रंगांचे मोजे.
डॉक्टर बराच वेळ बोलला, गुळगुळीत लांब शब्द,
त्यातले तीनेक शाळेत झालेले.
काय म्हणतो, आईने विचारलं.
सगळं ठीक होईल म्हणतो. सही कर.
तिने केली, एकेक अक्षर ओढत.
त्यानंतर आमच्या घरात पाळणा हलला नाही.

यावर आम्ही कधी बोललो नाही.
मोठेपणी मी तो कागद मागवला. वाचला.
गाडीच्या डिकीत आहे, स्टेपनीखाली.

आज लशीचा कागद आणला, चार पानं.
स्पॅनिश कुठल्याशा यंत्राने केलेलं,
कुणाच्याच आईची नसलेली मातृभाषा.
हे नको, आई म्हणाली. इंग्रजीतलं वाच आणि मला सांग.
सगळं सांग. गाळू नकोस.

दंड दुखेल. ताप येईल, एक दिवस, फार तर दोन.
मग तो शब्द येतो: क्वचित.
इथे जीभ अडखळते.
इथेच म्हणावंसं वाटतं, सगळं ठीक होईल.

क्वचित म्हणजे किती?
कित्येक ट्रक सफरचंदांत एखादं, मी म्हणते.
ती हसत नाही.
एखादं असतंच, तिला ठाऊक आहे,
पट्ट्यावरून तिनेच उचललेलं असतं ते.
आणि तो आजारच झाला तर?
तर एकेका पेटीत निघतील, आई.

घेवडा तळाला लागला.
ती गॅस बंद करते, फोन तोंडाशी धरते:
एर्मेलिंदा, पोरीने वाचून दाखवलं. शेवटपर्यंत.
थांबते. पुसून टाकते. पुन्हा अंगठा दाबते:
एर्मेलिंदा, तो कोंबडा अजून कापला नाहीस?

मग माझ्याकडे न बघता,
करपलेलं खरवडत:
गुरुवारी मला सुट्टी आहे. ये न्यायला.
आणि तो दुसरा कागदही वाच,
तुझ्या गाडीतला.