बाजू बदलणारा

फतेहगंजात जालभाईंकडे
दर गुरुवारी मी जातो ते तबकडी उलटायला.
त्यांचा उजवा हात गेल्या चैत्रापासून
मांडीवर कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

सुई टेकवतो. खरखर.
मग चाळीस माणसं एकदम बोलू लागतात
आणि मी, दांडिया बाजारात कीर्तनाला तबला धरणारा,
सवयीनं सम शोधतो.
सापडली म्हणावं तोवर
कुणीतरी मुखडा उचलून पळालेलं,
जिन्यावरून, शेजारच्या घरांतून, परक्या सुरांच्या गल्लीत.
पार शेवटी तो घरी येतो
तोच, पण जरा वाळलेला.
"आव्यो पाछो," जालभाई म्हणतात,
जणू या खेपेला येणार नव्हता.

दुसरा भाग संथ. विलंबित नव्हे.
विलंबितात कुणीतरी वाट पाहत असतं,
इथं वाट पाहणं संपलंय
आणि कुणी शांतपणे कपड्यांच्या घड्या घालतंय.
एक जाड आवाजाचं लाकडी वाद्य आहे, नाव मला येत नाही,
सूरसागरच्या काठावर दम खात बसलेल्या माणसागत.
शिरीनबाईंच्या खुर्चीवर पेपरांची रद्दी.
मी तिकडे बघत नाही.

उठतो. रुमालानं धूळ टिपतो. बाजू बदलतो.
एवढंच माझं काम.

तिसऱ्यात नाच. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन,
दादरा म्हणू नका, दादऱ्याला कंबर असते,
इथं ताठ पाठी, पॉलिशचे बूट.
मधेच कुणी गावाकडचा
पायताण न काढता आत येऊन चार पावलं नाचतो,
आणि नेमका तिथंच ओरखडा.
सुई अडते.
तेच पाऊल, तेच पाऊल, तेच.
मी पुढं होतो तर जालभाईंचा डावा हात वर: थांब.
नऊदा नाचू देतात त्याला.
मग मान हलवतात. मी नखानं ढकलतो.

चौथा सगळा पळापळीचा.
संपला वाटतं, संपत नाही.
निघतो निघतो म्हणणारे पाहुणे उंबऱ्यात,
एकाची पिशवी राहिली, एकाला गोष्ट आठवली,
पुन्हा आत, पुन्हा बाहेर,
थाप. थाप. आणि आणखी एक, खरीच शेवटची.

टक्.

सुई रिकाम्या घेरात फिरतेय.
मी वाकतो उचलायला.
"रहेवा दे."

टक्.
ही मात्र सम.
बोट आपसूक मांडीवर पडतं माझं,
आणि त्यांच्या डाव्या हाताचं,
अर्ध्या मात्रेनं उशिरा.